सायकलवर फोनला रस्ता कसा विचारायचा: नेरुळ ते तलावपाळी

चौदा किलोची सायकल खांद्यावर घेऊन पादचारी पुलाच्या पायऱ्या चढत होते, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी सायकलवर आहे हे फोनमधल्या नकाशाला माहीतच नाही. मी ‘चालत’ हा पर्याय निवडला होता. नकाशाने इमानेइतबारे चालणाऱ्या माणसाचा रस्ता दाखवला, आणि चालणारा माणूस रूळ ओलांडायला जिना चढतो. चूक माझीच. खाली रिक्षा लावून बसलेल्या दादांनी मात्र विचारलंच, “मॅडम, सायकल बसायला घेतली की उचलायला?”

त्याला आता सहा वर्षं झाली. मी नेरुळला राहते. तेव्हापासून बेलापूर, खारघर, उरण फाटा आणि उलट्या अंगाला ऐरोलीवरून ठाणे असं बरंच फिरून झालं. सोसायटीत कुणी नवी सायकल घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ताई, फोन कुठे लावू?” खरं तर हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असायला हवा, रस्ता कधी ठरवू? त्याचं उत्तर आहे आदल्या रात्री, घरी, पंख्याखाली बसून. सायकलवर असताना फोनने ठरलेल्या रस्त्याची आठवण तेवढी करून द्यायची. भर चौकात नवीन रस्ता शोधायला लावलं, की तो तुमची मान खाली घालायला लावतो, आणि नेमका तेव्हाच समोर खड्डा असतो.

उदाहरण म्हणून नेरुळ ते ठाण्याची तलावपाळी हा रस्ता घेते. २०-२५ किलोमीटर होतात. रविवारी पहाटे निघून मामलेदारची मिसळ खायची आणि परत यायचं, असा आमचा जुना बेत. नवशिक्याला झेपतो, आणि फोनची सगळी सोंगं या एका रस्त्यावर बघायला मिळतात.

ॲप कोणतं

गुगल मॅप्स सगळ्यांकडे असतोच. त्यात मोटारगाडी, दुचाकी, ट्रेन-बस आणि चालत असे पर्याय दिसतात. दुचाकीचा पर्याय गुगलने २०१७ च्या डिसेंबरात भारतापासूनच सुरू केला, पण ती दुचाकी म्हणजे मोटारसायकल. ती उड्डाणपुलावर चढते, मोठा रस्ता पसंत करते आणि चढ आला म्हणून दमत नाही. त्यामुळे दुचाकीच्या रस्त्यातलं अंतर खरं धरा, वेळ धरू नका. नवीन माणूस शहरातून तासाला १२ ते १५ किलोमीटर जातो. त्यात सिग्नल आले, पाणी प्यायला थांबणं आलं. ठाण्याला पोचायला दोन तास हाताशी ठेवा. फोन तासाभरात पोचाल म्हणत असेल, तर तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोय.

‘चालत’चा पर्याय अगदीच टाकाऊ नाही. दोन सेक्टरांमधली छोटी वाट, बागेच्या कडेचा रस्ता, स्टेशनखालचा बोगदा हे तो बरोबर दाखवतो. फक्त त्यात जिने असतात आणि एकेरी वाहतुकीचा विचार नसतो. म्हणून मी दुचाकीने ढोबळ रस्ता बघते, चालतने आतल्या वाटा बघते आणि दोन्ही मिळून माझा रस्ता काढते.

दुसरं एक ॲप ठेवाच. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा आहे. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून काढलेला, कुणालाही दुरुस्त करता येणारा. त्याच्यावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमँड ही ॲप आहेत. त्यांत सायकलसाठी वेगळा पर्याय असतो, उतरवून घेतलेल्या नकाशावर इंटरनेटशिवायही रस्ता निघतो, आणि चढउताराचा आलेख दिसतो. हा आलेख बघायची सवय लावून घ्या. बेलापूरच्या पारसिक हिलवर किंवा ठाण्यात उपवनहून येऊरला जायचं असेल, तर सपाट कागदावर दीड इंच दिसणारी रेघ गुडघ्यांना किती इंचांची पडणार आहे ते त्यातून कळतं. ऑसमँडमध्ये सेटिंग भरपूर, पहिल्या दिवशी माणूस गांगरतो. नवीन असाल तर ऑरगॅनिक मॅप्सने सुरुवात करा, साधं आहे.

लोकांनी काढलेल्या नकाशात दुकानं, सोसायट्या, डॉक्टरांचे दवाखाने कमी सापडतात. तिथे गुगल पुढे. मी ठिकाण गुगलवर शोधते, ते नेमकं कुठल्या कोपऱ्यावर आहे ते बघून घेते, आणि दुसऱ्या ॲपवर त्याच जागी बोट दाबून खूण करते. दहा सेकंदांचं काम आहे. स्ट्राव्हाबद्दलही विचारतात. ते मुख्यतः किती फिरलो, किती वेगाने फिरलो याची नोंद ठेवायला. पहिल्या महिन्यात त्याच्या नादी लागू नका, नाहीतर रस्ता राहील बाजूला आणि वेगाचे आकडे बघत बसाल.

सेक्टरचा घोळ

ठाण्याहून येणाऱ्यांसाठी खास. सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापना १९७० ची. तिने हे शहर नोडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वसाहतींत, वसवलं: ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर, खारघर आणि पुढचे. प्रत्येक नोडचे सेक्टर पुन्हा एकपासून. म्हणजे ‘सेक्टर १०’ एक नाही, अनेक आहेत. मैत्रिणीने “सेक्टर १९ ला ये” म्हटलं म्हणून मी नुसतं सेक्टर १९ टाकलं. वाशीला जायचं होतं, फोनने खारघरचा रस्ता धरला. सीबीडी बेलापूरपर्यंत गेले, मग शंका आली. सेक्टरच्या आधी नोडचं नाव टाकायचं, हा पहिला नियम. त्याहून बरं म्हणजे समोरच्याकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवून घ्यायचं.

गावांच्या नावांचंही तसंच. कोपरी ठाण्यात आहे आणि कोपरी गाव वाशीजवळही आहे. ठिकाण निवडल्यावर ‘सुरू करा’ दाबण्याआधी अंतराचा आकडा बघा. चार किलोमीटरवर असायला हवं ते सतरा किलोमीटरवर दिसलं, तर दुसऱ्याच कोपरीला निघालात.

आदल्या रात्री

हा भाग सावकाश वाचा, बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

नकाशावर सुरुवात आणि शेवट टाका. निळी रेघ आली की लगेच मान डोलवू नका. बोटांनी नकाशा मोठा करा आणि रेघेवरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट फिरवा. जिथे वळण आहे, जिथे पूल आहे, जिथे रूळ ओलांडायचे आहेत, तिथे थांबा. वळणाच्या आधी डोळ्यांना काय दिसणार ते ठरवून ठेवा: पेट्रोल पंप, स्टेशन, मंदिर, शाळेची भिंत. ‘२०० मीटरवर डावीकडे’ हे सायकलवर कळत नाही. ‘पंपानंतर डावीकडे’ कळतं.

मग उपग्रहाचं चित्र लावा. रेघेखाली खरंच रस्ता आहे का, ते यात दिसतं. पाम बीचचा रस्ता वाशीवरून पुढे कोपरखैरणे-घणसोलीकडे जातो. खाडीच्या बाजूचा, रुंद, मोकळा. त्या मोहाने मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो घणसोलीला संपत होता, पुढे ऐरोलीकडे नुसती कांदळवनं. नकाशावर आखलेली पुसट रेघ मी रस्ता समजून बसले होते. उपग्रहाचं चित्र एकदा लावलं असतं तर तिथे हिरव्याशिवाय काही नाही हे खुर्चीत बसून कळलं असतं. नवीन शहरात असं होतं. रस्ते आधी कागदावर येतात, मग नकाशावर आणि सगळ्यात शेवटी चाकाखाली.

अडचणीच्या चौकाचा स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावरून काढलेले गुगलचे फोटो, असेल तर तोही बघा. भारतात तो २०२२ च्या जुलैत परत सुरू झाला. पण चित्र कधी काढलं आहे ती तारीख कोपऱ्यात असते, ती वाचा. मधल्या काळात तिथे मेट्रोचा खांब उभा राहिला असेल.

काही रस्ते मुळातच आपले नाहीत. अटल सेतू, १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला, साधारण २२ किलोमीटरचा. त्यावर मोटारसायकललाही बंदी आहे, तिथे सायकलचा विषयच नको. कळंबोलीहून सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही तसाच. गाडीचा पर्याय चुकून निवडलेला राहिला की निळी रेघ बिनदिक्कत तिकडे वळते. रस्त्याच्या तोंडाशी पाटी असते, पण पाटी दिसेपर्यंत तुम्ही ट्रेलरच्या रांगेत असता.

आता रेघ आपल्या मनासारखी वाकवायची. फोन नेरुळहून ठाण्याला ठाणे-बेलापूर रोडने सरळसोट नेतो. तो रस्ता एमआयडीसीचा, ट्रक आणि कंपनीच्या बसचा. मला निम्मा रस्ता तरी आतून हवा असतो. त्यासाठी मध्ये थांबे टाकायचे. गुगलमध्ये ठिकाणाशेजारच्या तीन टिंबांत थांबा जोडायचा पर्याय आहे. मी वाशी, कोपरखैरणे आणि ऐरोलीतला एकेक ओळखीचा चौक थांबा म्हणून देते. फोन मुकाट्याने पाम बीचने वाशी, तिथून कोपरखैरणे आणि घणसोलीच्या आतून, गोठिवली-रबाळे करत ऐरोलीला नेतो. गावठाणात मात्र लक्ष ठेवा. दुचाकीच्या पर्यायात एखादी गल्ली जवळची म्हणून दाखवली जाते. ती अर्ध्यावर कुणाच्या तरी ओट्याशी संपते आणि आजीबाई विचारतात, “कोणाकडं आलीस गो?”

ऐरोलीनंतर दिघे, विटावा, कळवा नाका, खाडीवरचा पूल, कोर्ट नाका, जांभळी नाका आणि तलावपाळी. इथे फार पर्याय नाहीत.

शेवटचं काम कागदाचं. हसू नका. पाठकोऱ्या कागदाच्या पट्टीवर बॉलपेनने ठळक अक्षरांत ही नावं ओळीने लिहायची आणि सायकलच्या वरच्या दांड्यावर चिकटपट्टीने चिकटवायची. माझ्या पट्टीवर असं असतं: मोराज सर्कल, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघे, विटावा, कळवा, कोर्ट नाका. मधली बहुतेक नावं ट्रान्सहार्बर लोकलच्या स्टेशनांची आहेत, दिघा गाव स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं तेही त्यात आलं. लोकलने ये-जा करणाऱ्याला हा क्रम झोपेतही येतो, मग तोच वापरायचा. बॅटरी संपली तरी पट्टी संपत नाही, आणि तिच्यावर एक नजर टाकायला अर्धा सेकंद लागतो.

पट्टीहून जुनी खूण म्हणजे डोंगर. नवी मुंबई खाडी आणि पारसिकच्या डोंगररांगेमध्ये उत्तर-दक्षिण पसरली आहे. डोंगर उजव्या हाताला असेल तर तुम्ही ठाण्याकडे निघालात, डाव्या हाताला असेल तर बेलापूरकडे. एवढं लक्षात असलं की पूर्ण दिशा चुकणं अवघड आहे. फोनच्या बाणाने गोंधळ घातला की मी आधी डोंगर शोधते.

नकाशा उतरवून ठेवा

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रह २० हजार किलोमीटरवरून संदेश पाठवतात, फोन ते ऐकून आपली जागा काढतो. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला आणि जागा पटकन सापडायला. म्हणून वाय-फायवर असताना ठाणे, नवी मुंबई आणि पनवेलपर्यंतचा तुकडा उतरवून घ्या. गुगलमध्ये स्वतःच्या फोटोवर दाबलं की ऑफलाइन नकाशांचा पर्याय येतो. एक मेख आहे: असा उतरवलेला नकाशा इंटरनेटशिवाय गाडीचा रस्ता काढून देतो, चालण्याचा, सायकलचा किंवा ट्रेन-बसचा नाही. दुसरं ॲप ठेवा म्हटलं, ते याचसाठीही.

आता, फोन कुठे

चार जागा आहेत. रबरी पट्ट्यांचा होल्डर स्वस्त आणि पटकन लागणारा, पण उन्हात रबर कडक होतं आणि एक दिवस तुटतं. चार कोपऱ्यांना पकडणारा धातूचा होल्डर मजबूत. घेताना बघा की त्याचा दात फोनच्या पॉवरच्या बटणावर येत नाही ना. बऱ्याच फोनमध्ये ते बटण पाच वेळा पटापट दाबलं गेलं की आपत्कालीन कॉल लागतो, आणि आपल्या रस्त्यांवर पाच हादरे बसायला दहा मीटर पुरतात. तिसरी जागा दांड्यावरची पारदर्शक खिडकीची पिशवी. डबा आणि पैसे ठेवायला झकास, पण उन्हात तिच्यात फोन भाजून निघतो. चौथी म्हणजे खिसा किंवा कमरेचं पाकीट.

मी चौथ्या गटातली. फोन कमरेला, आवाज कानात. नवीन माणसाला समोर फोन असल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून होल्डर लावायचाच असेल तर हँडलच्या मधोमध, स्टेमवर (हँडलला सायकलशी जोडणाऱ्या आखूड दांड्यावर) लावा. कडेला लावला तर वळताना गुडघ्याला लागतो. चुंबकाचा होल्डर टाळा, त्याने फोनचं होकायंत्र बिघडतं आणि बाण भलतीकडे तोंड करतो. ऑफिसच्या ओळखपत्राची जुनी दोरी सगळ्यांकडे असते. ती फोनच्या कव्हरला ओवून हँडलला बांधा. होल्डर निसटला तरी फोन लोंबकळेल, रस्त्यावर आपटणार नाही.

बसवल्यावर घरातच परीक्षा घ्या. पुढचं चाक वीतभर उचला आणि सोडा. असं दहा वेळा. फोन हलला तर होल्डर परत करा. सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर याहून वाईट असतो.

कॅमेऱ्याची काळजी असणाऱ्यांसाठी: ॲपलने २०२१ मध्ये मोटारसायकलच्या इंजिनाची जोरदार थरथर आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकते असं जाहीर केलं होतं. सायकलला इंजिन नाही, पण महागडा फोन रोज दोन तास हँडलवर थरथरवू नये असं मला वाटतं. घरात पडलेला जुना फोन, सिमकार्ड नसलेला, वर नकाशा उतरवलेला, हा हँडलसाठी उत्तम उमेदवार. जीपीएस त्यालाही मिळतं.

निघताना

बॅटरी सगळ्यात जास्त पडदा खातो. पडदा बंद आणि आवाज चालू ठेवला तर पहाटेच्या फेरीला चार्जिंगची चिंता नाही. पडदा पूर्ण उजेडात चालू ठेवणार असाल तर छोटी पॉवर बँक घ्या. बॅटरी सेव्हर लावू नका. काही फोनमध्ये तो पडदा बंद होताच जीपीएसला झोपवतो, आणि कानातली बाई वाशीनंतर बोलायचीच बंद होते.

आवाजाची पातळी घरी बघून घ्या, ट्रकच्या शेजारी बघायची वेळ येऊ नये. इअरफोन एकाच कानात, डाव्या. उजवा कान मागून येणाऱ्यांसाठी मोकळा. आवाजाची भाषा बदलता येते. मी इंग्रजीच ठेवली आहे, वाक्यं छोटी असतात म्हणून. ती ‘घणसोली’ला काय म्हणते ते एकदा ऐकाच, करमणूक होते. नवीन नावं तिच्या तोंडून कशी येतात हे चौकाच्या आधी कळलेलं बरं, कारण ‘गॅन सोल्ली’ म्हणजे आपली घणसोली हे कळायला दोन सेकंद जातात.

एवढं झालं की व्हॉट्सॲपवर घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवा. १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीन पर्याय येतात. ८ तास निवडा. घरून “कुठे आहेस” असे फोन येणं बंद होतं, हा मोठाच फायदा.

रस्त्यावर

पाम बीचवर नकाशाचं काहीच काम नाही. रस्ता सरळ आहे, खाडी डावीकडे आहे, गाड्या सुसाट आहेत. इथे फोनकडे बघणारा माणूस मला समजत नाही. मोराज सर्कलपर्यंत ती बाई गप्प असते, तुम्हीही फक्त समोर बघा.

फोन बघायचा असेल तर थांबायचं. आणि थांबणं म्हणजे चौकात पाय टेकणं नव्हे. चौक पार करा, डाव्या कडेला, शक्यतो फुटपाथवर किंवा बसथांब्याच्या पुढे सायकल पूर्ण रस्त्याबाहेर घ्या, उतरा, मग फोन काढा. पुलाच्या चढावर किंवा उतारावर कधीही नाही. वळण चुकलं तर चुकू द्या. पुढच्या चौकात दुरुस्त होतं. ठरवलेला रस्ता सोडला की फोन ‘यू-टर्न घ्या’ची भुणभुण लावतो. त्याला उत्तर द्यायचं नसतं. दोन-तीन मिनिटं गेलात की तो स्वतःच नवा रस्ता काढतो.

थांबल्यावर आणखी एक गंमत होते. उभ्या सायकलवर फोनचा बाण कुठेही तोंड करतो. चालताना जीपीएस तुमची दिशा ओळखतं, थांबल्यावर होकायंत्रावर भरवसा ठेवावा लागतो, आणि ते लोखंडाजवळ गांगरतं. फोन हातात घेऊन इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दोन-तीन वेळा फिरवा. नाहीच जमलं तर सायकल हाताने धरून दहा-पंधरा पावलं चाला. टिंब कुठल्या बाजूला सरकलं ते बघा, तीच तुमची दिशा.

ठाणे-बेलापूर रोडला लागलात की उड्डाणपुलांचं प्रकरण सुरू होतं. मोकळ्या आकाशाखाली फोनला तुमची जागा साधारण ५ मीटरच्या फरकाने कळते. पूल आणि पुलाखालचा रस्ता हे तर एकावर एकच असतात. तुम्ही खालून जात असता, फोन समजतो वरून चाललात, आणि खालच्या चौकातलं वळण तो सांगतच नाही, कारण वरच्या गाडीला तिथे वळताच येत नाही. सर्व्हिस रोड आणि मुख्य रस्त्याचंही तेच. ठाण्यात घोडबंदर रोडला गेलात तर हाच अनुभव दर नाक्यावर. मी एक साधा नियम पाळते: पूल दिसला की डावीकडून खाली, आणि पूल संपेपर्यंत फोनच्या बोलण्याकडे दुर्लक्ष. खालच्या चौकातली पाटी वाचायची. इथे दांड्यावरची कागदाची पट्टी कामाला येते.

कळव्याच्या खाडीवरही तसंच. तिथे शेजारीशेजारी पूल आहेत. नवा पूल २०२२ मध्ये सुरू झाला, आणि त्याचे फाटे वेगवेगळ्या दिशांना उतरतात. पुलावर चढण्याआधी, कळवा नाक्यावर कडेला थांबून, कोर्ट नाक्याकडे उतरणारा रस्ता कुठला हे नकाशा मोठा करून बघा. चढल्यावर बघून उपयोग नाही.

पावसात

ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, आणि पाण्याचे थेंब मात्र बोटासारखे चालतात. माझ्या मैत्रिणीच्या फोनने भर पावसात आपणहून तिच्या साहेबांना व्हिडिओ कॉल लावला होता. निघतानाच नेव्हिगेशन सुरू करा, पडदा कुलूपबंद करा, फोन झिपच्या पिशवीत आणि पिशवी कमरेच्या पाकिटात. आवाज प्लॅस्टिकमधून ऐकू येतो. फोन पाणी सोसणारा आहे असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी ओल्या खाचेत चार्जरची पिन घालू नका.

नकाशाला पाणी साचलेलं कळेलच असं नाही. विटाव्याजवळ रस्ता रेल्वेखालून जातो, आणि जोराच्या पावसात तिथे पाणी भरतं. एका जुलैत सकाळी मी दिघ्याला पोचले. फोनवर निळी रेघ अगदी शांत होती. समोरून येणाऱ्या दूधवाल्या काकांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

“काका, विटाव्याला पाणी आहे का?”

“माझ्याकडं बघून कळत नाही का?”

मागे फिरले, ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला उतरले आणि कोपरीकडून ठाण्यात शिरले. पावसाळ्यात निघताना असा दुसरा रस्ता आदल्या रात्रीच काढून ठेवा, आणि दर नाक्यावर समोरून येणाऱ्यांच्या चपला बघा.

उन्हाचंही सांगून टाकते. आयफोनसाठी कंपनीने ० ते ३५ अंशांची हवा ठीक म्हटली आहे. मे महिन्यात नऊनंतर हँडलवर त्याहून जास्त तापतं. पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबतं. सावलीत थांबा, फोन पिशवीत घाला. गार व्हावा म्हणून बर्फाच्या गोळ्यावर ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत, तसं करू नका.

काही झालंच तर

पडलात, सायकल मोडली, अंधारात एकट्या आहात, तर ११२. कुठे आहात हे सांगता यायला हवं. नकाशातल्या निळ्या टिंबावर बोट धरून ठेवलं की जागेचे आकडे येतात, पण फोनवर पटकन कळतं ते जवळच्या स्टेशनचं नाव आणि पुलाच्या अलीकडे की पलीकडे. रस्त्याकडेला दुकान असेल तर पाटीच्या तळाशी पूर्ण पत्ता छापलेला असतो, सेक्टरसकट.

पोचल्यावर

तलावपाळीला सायकलला कुलूप लावलं की फोन होल्डरमधून काढून बरोबर घ्या. होल्डरही सहज निघणारा असेल तर तोही. नेव्हिगेशन बंद केलं का बघा, नाहीतर मिसळ येईपर्यंत ते ‘तुम्ही पोचलात’ म्हणत बॅटरी खात राहतं.

परतीचा रस्ता ‘उलटा करा’ दाबून मिळत नाही. पहाटे मोकळा असलेला जांभळी नाका दहा वाजता बाजाराने भरलेला असतो, आणि जुन्या ठाण्यात एकेरी रस्ते आहेत. आलो त्या गल्लीने जाता येईलच असं नाही. त्यामुळे परतीसाठी थांबे पुन्हा टाकायचे, पट्टी खालून वर वाचायची, आणि डोंगर आता डाव्या हाताला. हे सगळं मिसळीनंतर. मामलेदारचा रस्सा झणझणीत असतो आणि तेलकट बोटाला पडदा दाद देत नाही, म्हणून आधी हात धुऊन या.